अनोळखी पिस्तूल-काडतुसांच्या बुडावरील खुणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात जुन्या वाड्याची वाटणी निघाली, माळवद उतरवून स्लॅब टाकायचे ठरले किंवा वर्षानुवर्षे बंद असलेले बळद (भिंतीलगतची धान्याची कोठी) मोकळे करायला घेतले, की एखाद्या लाकडी पेटीत, पितळी डब्यात किंवा देवळीच्या कोपऱ्यात चिंधीत गुंडाळलेली पाच-पंचवीस काडतुसे निघतात आणि घरात दोन प्रश्न उभे राहतात : ही कशाची आहेत, आणि आता यांचे करायचे काय. जिल्हा पोलीस दलाच्या शस्त्रागारात आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणारा, म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतरही परवानाधारकांचे, वकिलांचे आणि वाडे उतरवणाऱ्या गुत्तेदारांचे फोन थांबलेले नाहीत. त्यांच्या प्रश्नांतून वारंवार येणारे प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : घरात काडतुसे सापडली आहेत. खुणा वाचण्याआधी काही करणे आवश्यक आहे का?

होय, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार परवाना जसा शस्त्रासाठी लागतो तसाच दारूगोळ्यासाठीही लागतो, त्यामुळे ‘बंदूक तर नाही, नुसती काडतुसेच आहेत’ हा युक्तिवाद टिकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे अशी झाली आहे. गुन्हा ठरण्यासाठी ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात स्पष्ट केले आहे. म्हणजे आजोबांनी भिंतीत चिणून ठेवलेल्या पेटीची नातवाला कल्पनाच नसेल तर तो गुन्हेगार ठरत नाही. मात्र पेटी उघडून आत काय आहे हे कळले, की त्या क्षणापासून जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही.

म्हणून पेटी आहे तेथेच ठेवावी, मुलांना आणि कामावरच्या मजुरांना दूर करावे आणि पोलीस ठाण्याला किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. पोलीस जागेवर येऊन पंचनामा करतात. काडतुसे पिशवीत घालून, स्कूटरच्या डिकीत टाकून स्वतः ठाण्यात नेण्याचा उत्साह दाखवू नये, कारण वाटेत नाकाबंदीला गाडी अडली तर ‘जमा करायलाच निघालो होतो’ हे वाक्य तेथे प्रत्येक जण म्हणत असतो. लेखी अर्जही द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. ती पोच घराच्या खरेदीखताबरोबर जपून ठेवावी.

पुढील माहिती परवानाधारकांना स्वतःचा जुना साठा ओळखण्यासाठी आणि इतरांना पंचनाम्यात लिहिलेले नीट समजण्यासाठी आहे.

प्रश्न : काडतुसाच्या भागांना काय म्हणतात?

पंचनाम्याची भाषा वापरावी. पुढे असते ती गोळी किंवा बुलेट. तिला धरून ठेवणारी पितळी नळी म्हणजे पुंगळी, आतली ती दारू, आणि बुडाच्या मध्यभागी जिच्यावर पिन आपटते ती टोपी. पुंगळीच्या बुडाची कड बाहेर आलेली असेल तर ते सहसा रिव्हॉल्व्हरचे काडतूस असते, आणि कड पुंगळीच्या अंगाबरोबर असून तिच्यावर खाच कोरलेली असेल तर ते सहसा पिस्तुलाचे असते. ‘सहसा’ हा शब्द मुद्दाम घातला आहे, कारण .३२ पिस्तुलाच्या काडतुसाला खाचही असते आणि किंचित बाहेर आलेली कडही असते.

प्रश्न : बुडावरील खुणांत नेमके काय लिहिलेले असते?

कारखान्याचे संक्षिप्त नाव, वर्ष आणि बोअर (शस्त्राच्या नळीचे, आणि त्यावरून काडतुसाचे, माप) या तीन गोष्टींपैकी एक, दोन किंवा तिन्ही असतात. लष्करी काडतुसावर कारखाना आणि वर्ष हमखास असते, बोअर असेलच असे नाही, कारण शिपायाला एकच शस्त्र दिलेले असते आणि त्याला बोअर सांगण्याची गरज नसते. नागरी बाजारातील काडतुसावर नेमके उलटे दिसते : कंपनीचे नाव आणि बोअर ठसठशीत, वर्ष मात्र गायब. म्हणून बुडावर वर्ष दिसले, की ते काडतूस लष्करी किंवा पोलिसी साठ्यातील असण्याची शक्यता आधी धरावी.

खुणा वाचताना बूड डोळ्यांसमोर सरळ धरून प्रकाश बाजूने, तिरका पाडावा. अक्षरे उथळ असतील तर खडूची पूड बोटाने हलकी फिरवून कोरड्या मऊ फडक्याने वरवर पुसावी. पूड खाचांत राहते आणि पांढरी अक्षरे उठून दिसतात. तारेचा ब्रश, चिंच, पितांबरी किंवा पॉलिश पेपर यांपैकी काहीही बुडाला लावू नये, कारण मध्यभागी असलेली टोपी घासण्यासाठी किंवा दाबण्यासाठी बनवलेली नाही.

बहुतेक ठशांत अक्षरांचे पाय बुडाच्या केंद्राकडे असतात. म्हणजे वरची अक्षरे सुलटी ठेवली, की खालचे आकडे उलटे दिसतात. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, १९९१ साली, मी एका खोक्याची नोंद करताना वरची कारखान्याची अक्षरे सुलटी धरली आणि काडतूस न फिरवता खालचे वर्ष ८९ असे वाचले. ते इंग्रजी आकड्यांतले ६८ होते. तेवीस वर्षे जुना साठा दोन वर्षांचा म्हणून नोंदवहीत चढला आणि सरावाच्या वेळी टोपी वाजून गोळी न सुटण्याचे प्रकार झाले तेव्हा चूक उघड झाली. तेव्हापासून मी प्रत्येक आकडा काडतूस फिरवून, त्याचे पाय माझ्याकडे आणून वाचतो. ६६ आणि ९९, ६१ आणि १९, ८६ आणि ९८ या जोड्या याच जातीच्या आहेत.

प्रश्न : ‘के-एफ’ ही अक्षरे वारंवार दिसतात. ती कोणाची?

रोमन लिपीतील ‘के-एफ’ म्हणजे किरकी फॅक्टरी, अर्थात पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना. तो १८६९ पासून चालू आहे. आपल्याकडे सापडणाऱ्या काडतुसांत हा ठसा सर्वाधिक दिसतो. ‘ओ-एफ-व्ही’ म्हणजे जळगाव जिल्ह्यातील वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी. ती १९६४ मधील आहे, त्यामुळे या ठशाचे काडतूस त्याहून जुने असूच शकत नाही. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या कंपन्या झाल्या तेव्हा हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेले.

‘के-एफ’ आणि इंग्लंडच्या कायनॉक कंपनीचा एकटा ‘के’ यांत गल्लत होऊ देऊ नये. तसेच ‘८ मिमी के-एफ’ असा ठसा पाहून बरेच जण गोंधळतात. ते पिस्तुलाचे काडतूसच नव्हे. .३१५ इंच म्हणजे ८ मिलिमीटर, आणि हे .३१५ रायफलचे काडतूस आहे. देशी कट्ट्यांच्या मुद्देमालात ते पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून लोकांना ते पिस्तुलाचे वाटते. पिस्तुलाचे म्हणायचे तर ‘के-एफ ७.६५’ हा ठसा पाहावा. ते .३२ पिस्तुलाचे काडतूस होय.

प्रश्न : बोअरच्या आकड्यानंतर ‘२’, ‘२-झेड’ किंवा रोमन अंक का असतात?

ही इंग्रजांच्या लष्कराची पद्धत आहे आणि आपल्या कारखान्यांनी ती स्वातंत्र्यानंतरही चालू ठेवली. आकडा म्हणजे त्या काडतुसाची मार्क, म्हणजे आवृत्ती, आणि ‘झेड’ म्हणजे आत कॉर्डाइट या जुन्या प्रकारच्या दारूऐवजी नायट्रोसेल्युलोजची दारू आहे. म्हणून ‘९ मिमी २-झेड’ याचा अर्थ नऊ मिलिमीटरचे, दुसऱ्या आवृत्तीचे, नायट्रोसेल्युलोज भरलेले काडतूस असा होतो. इंग्रजांनी १९४० च्या दशकाच्या मध्यात आवृत्तीसाठी रोमन अंक सोडून साधे आकडे धरले. त्यामुळे .४५५ वेब्लीच्या काडतुसावर रोमन सहा दिसला, तर ते सहसा दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचे असते. त्याच पद्धतीत ‘जी’ म्हणजे ट्रेसर (जाताना उजेडाची रेघ सोडणारी गोळी), ‘डब्ल्यू’ म्हणजे चिलखतभेदी, ‘एल’ म्हणजे गोळीविना फुसके, ‘डी’ म्हणजे कवायतीचे आणि ‘क्यू’ म्हणजे शस्त्राची नळी तपासण्यासाठी मुद्दाम जादा दाबाचे भरलेले काडतूस. यांपैकी ‘क्यू’ दिसले तर ते शस्त्रात घालण्याचा विचारही करू नये.

.३८० रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची दुसरी आवृत्ती का आली, याची कथा लहान पण बोलकी आहे. पहिल्या आवृत्तीची गोळी २०० ग्रेन (गोळीच्या वजनाचे इंग्रजी माप) वजनाची नुसती शिशाची होती. शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांना हेग येथील करारान्वये बंदी असल्याने ती अडचणीत येईल असे वाटले, म्हणून १९३० च्या दशकाच्या अखेरीस १७८ ग्रेनची, धातूचे कवच असलेली गोळी आली. आपल्याकडे निघणारी .३८० ची काडतुसे जवळजवळ नेहमी कवचाची असतात.

प्रश्न : ‘.३८०’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे बोअर निश्चित झाले ना?

झाले नाही. उलट या एका आकड्याने जितकी फसगत होते तितकी दुसऱ्या कशानेही होत नाही. इंग्रजी लष्करी पद्धतीत .३८० म्हणजे वेब्ली आणि एनफील्ड रिव्हॉल्व्हरचे काडतूस : कड बाहेर आलेली, पुंगळी सुमारे साडेएकोणीस मिलिमीटर लांब, कडेचा व्यास अकरा मिलिमीटरच्या थोडा वर. अमेरिकी पद्धतीत .३८० ऑटो म्हणजे खिशातल्या पिस्तुलाचे, खाचेचे, १७.३ मिलिमीटर पुंगळीचे काडतूस, ज्याला युरोपात ९ मिमी शॉर्ट, जर्मनीत कुर्त्स आणि इटलीत कोर्तो म्हणतात. ही दोन काडतुसे एकमेकांच्या शस्त्रात चालत नाहीत. आणखी एक भर म्हणजे .३८ स्पेशल, ज्याची पुंगळी २९ मिलिमीटरहून अधिक लांब असते आणि जे जुन्या, कमकुवत .३८० रिव्हॉल्व्हरसाठी मुळीच नाही.

.३२ चीही हीच गत आहे. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे .३२ रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसन लाँग या काडतुसासाठी आहे, ज्याची पुंगळी सुमारे २३.४ मिलिमीटर असते. .३२ पिस्तुलाचे काडतूस म्हणजे ७.६५ ब्राउनिंग, पुंगळी १७.३ मिलिमीटर. पिस्तुलाचे काडतूस रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये सहज बसते, आणि येथेच धोका आहे, कारण त्याचा दाब जास्त असतो. जुन्या रिव्हॉल्व्हरला तो सोसेल याची खात्री देता येत नाही. खेड्यात मी ‘बसलं म्हणजे त्याचंच’ हे वाक्य अनेकदा ऐकले आहे. चप्पल घेताना ते ठीक आहे.

प्रश्न : मग मोजमाप कसे घ्यावे?

व्हर्नियर कॅलिपर घ्यावा. प्लास्टिकचा असला तर उत्तम, म्हणजे टोपीवर धातूचा जबडा आपटण्याची भीती राहत नाही. पुंगळीची लांबी, कडेचा व्यास आणि पुंगळीच्या तोंडाशी गोळीचा व्यास ही तीन मापे पुरतात. गोळी उपटून मोजण्याची आवश्यकता कधीही पडत नाही.

९ मिमी पॅराबेलमची पुंगळी १९.१५ मिलिमीटर असते, गोळी सुमारे ९.०२. रशियन मकारोव्हची पुंगळी १८.१ आणि गोळी ९.२७ मिलिमीटर. दोन्हींना लोक ‘नऊ एमेम’च म्हणतात. .४५ ऑटोची पुंगळी २२.८ मिलिमीटर आणि अंगठ्याएवढी जाड दिसणारी. गळा बाटलीसारखा आवळलेला असून पुंगळी २५ मिलिमीटरची असेल तर ते ७.६२ टोकारेव्ह किंवा ७.६३ माउझर आहे. ही दोन्ही मापाने जवळजवळ सारखी आहेत, पण टोकारेव्हचे अनेक साठे अधिक दाबाचे आहेत. एखाद्या जहागीरदार घराण्याच्या जुन्या माउझर पिस्तुलाला ते सोसणार नाही. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की .३२ ऑटो (म्हणजेच ७.६५ ब्राउनिंग) आणि .३८० ऑटो या दोन्हींची पुंगळी १७.३ मिलिमीटरच आहे. लांबीवरून त्यांत फरक करता येत नाही, व्यासावरून येतो.

प्रश्न : घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, की ही काडतुसे रझाकारांच्या काळातली आहेत. खुणांवरून ते सिद्ध होईल का?

मराठवाड्यात सापडणारे प्रत्येक काडतूस ‘रझाकारांच्या काळातले’ असते, हे मी नोकरीत लवकरच शिकलो. असे सांगण्यामागे खोटेपणा नसतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली, १७ तारखेला निजामाच्या फौजेने शरणागती पत्करली, आणि त्या आधीच्या वर्षभरात गावोगावी ज्यांनी शस्त्रे लपवली, पुरली किंवा विहिरीत टाकली त्यांच्या आठवणी घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्या काळात सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांनी हैदराबादला शस्त्रे पोचवत होता, हीही नोंद झालेली गोष्ट आहे. पेटीत काडतुसे निघाली, की घर त्याच आठवणीकडे जाते.

पण बुडावरचा आकडा आठवणीला जुमानत नाही. एका तालुक्याच्या गावी एका थोरल्या घराच्या ढेलजेत मला असाच डबा दाखवण्यात आला. रॉकेलच्या वासाची चिंधी, तिच्यात अकरा काडतुसे आणि शेजारी बसलेले ऐंशीच्या घरातले काका. “आमच्या आबांनी रझाकारांपासून वाडा राखला तो यांच्यावर,” असे त्यांनी सांगितले. बुडावर ‘के-एफ ६२’ होते. पोलीस कारवाई होऊन चौदा वर्षे झाल्यावर खडकीत बनलेले ते काडतूस होते. मी ते काकांना लगेच सांगितले नाही, पंचनाम्यात मात्र लिहिले. आबांनी वाडा राखला असेलच, फक्त या अकरा काडतुसांनी नव्हे.

उलट दिशेने मात्र काळजीपूर्वक बोलावे. बुडावर ४३ किंवा ४५ आहे म्हणून ते १९४८ मध्ये या घरात होते असे ठरत नाही. ठसा काडतूस कधी बनले एवढेच सांगतो, ते कोणत्या हातांतून आणि कधी या घरात आले हे सांगत नाही.

प्रश्न : ठसा परदेशी दिसतो. सर्वसाधारणपणे कोणते दिसू शकतात?

दुसऱ्या महायुद्धाच्या अमेरिकी .४५ काडतुसांवर ‘डब्ल्यू-आर-ए’ म्हणजे विंचेस्टर, ‘आर-ए’ म्हणजे रेमिंग्टन, ‘डब्ल्यू-सी-सी’ म्हणजे वेस्टर्न, ‘एफ-ए’ म्हणजे फ्रँकफर्ड आर्सेनल दिसते. ‘ई-सी’ हा ठसा इव्हान्सव्हिल येथील क्रायस्लरच्या कारखान्याचा, म्हणजे मोटारी बनवणाऱ्यांचा. त्यांची पुंगळी पितळी नसून पोलादी असते आणि चुंबकाला चिकटते. कॅनडाच्या ‘डी-आय’ ठशाची ९ मिमी काडतुसे युद्धकाळात मोठ्या संख्येने बनली. इंग्लंडचा ‘आर-जी’ म्हणजे रॅडवे ग्रीन. वर्तुळात अधिक चिन्ह असेल तर ते नाटोच्या मानकानुसार बनवलेले काडतूस होय.

जर्मनांनी युद्धात कारखान्यांची नावे लपवण्यासाठी संकेत वापरले. ‘ए-यू-एक्स’ म्हणजे मागडेबुर्गचा पोल्टे, ‘सी-एच’ म्हणजे जर्मन ताब्यातील बेल्जियमचा एफ-एन कारखाना. त्यांच्या ९ मिमी काडतुसांवर चार बाजूंना चार गोष्टी असतात : कारखाना, पुंगळीचा धातू, लॉट आणि वर्ष. ‘एस-टी’ पुढे अधिक चिन्ह म्हणजे पोलादी पुंगळी. गोळी काळी असेल तर आत शिशाऐवजी लोखंडी गाभा आहे, कारण जर्मनीला शिशाची टंचाई भासत होती.

रशियन ७.६२ टोकारेव्हवर वरती कारखान्याचा क्रमांक आणि खाली वर्ष असते. ५३९ म्हणजे तुला, ३८ म्हणजे युर्युझान. हा ३८ पाहून ‘.३८ बोअर’ असे लिहिलेला पंचनामा मी स्वतः वाचला आहे, आणि बाटलीच्या गळ्याचे काडतूस .३८ कसे असेल हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. १९५२ ते १९५६ या पाच वर्षांत रशियनांनी वर्षाच्या जागी आकड्याऐवजी त्यांच्या लिपीतील एकेक अक्षर वापरले, त्यामुळे अशा काडतुसावर वर्ष नाही असे समजू नये.

इजिप्तसारख्या देशांच्या काडतुसांवर अंक अरबी असतात. त्यांत शून्य म्हणजे टिंब आणि पाच म्हणजे पोकळ गोल, त्यामुळे नवख्याला पन्नास आणि पाच यांत फरकच कळत नाही. या बाबतीत आपला प्रदेश इतरांपेक्षा सुदैवी आहे. निजामी अमलात शाळेत उर्दू शिकलेली एक पिढी येथे होती आणि जमिनीच्या जुन्या कागदांवरील फसली सालांचे आकडे वाचणारे आजही तहसीलच्या आवारात भेटतात. माझे वडील हे आकडे आपल्या अंकांइतकेच सहज वाचत, आणि अशा ठशांचे पहिले धडे मी त्यांच्याकडून घेतले.

प्रश्न : बुडावर काहीच लिहिलेले नाही. आता?

टोपीभोवतीचा रंग पाहावा. इंग्रजी पद्धतीत जांभळे लाखेचे कडे म्हणजे साधी गोळी आणि लाल म्हणजे ट्रेसर. गोळीचे टोक रंगवलेले असेल तर ते साधे काडतूस नाही असे धरून चालावे. पुंगळीला आरपार भोके असतील किंवा अंगावर खोल पन्हळी असतील तर ते कवायतीचे असण्याची शक्यता आहे, तरीही हाताळणी जिवंत काडतुसासारखीच ठेवावी. चंदेरी कवच पाहून ते पोलादी आहे असे समजू नये. तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे कवचही चंदेरी असते, पण ते चुंबकाला चिकटत नाही. आणि ठसा असला तरी आत मूळचीच दारू आहे याची हमी त्यातून मिळत नाही, कारण वापरलेली पुंगळी पुन्हा भरली तरी बुडावरची अक्षरे तीच राहतात.

प्रश्न : काडतुसे कळकली आहेत, काहींना बारीक चिरा आहेत. हे कशाने होते?

पितळेचे भांडे कळकते तसाच हिरवा थर पुंगळीवर येतो आणि तो एकटा असता तर फारसे बिघडत नाही. चिरा मात्र गंभीर असतात, आणि त्यांचे कारण ज्या तऱ्हेने सापडले ती कथा आपल्याच देशातील आहे. इंग्रजांच्या हिंदुस्थानातील फौजेत पावसाळ्यात साठवलेल्या पितळी पुंगळ्या कोणी हात न लावता आपोआप तडकत. ऋतूशी संबंध दिसल्याने इंग्रजीत या दोषाला ऋतूवरूनच नाव पडले. पुढे १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी त्याचा उलगडा केला : पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या पागांत ठेवली जात, घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटे, आणि पुंगळी ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण अमोनिया आणि ओल मिळताच चिरेच्या रूपाने बाहेर पडे. उपाय साधा होता. घडवल्यानंतर पुंगळी विशिष्ट उष्णतेला तापवून तो ताण घालवायचा.

आता आपला वाडा पाहा. ढेलज, चौक, आणि चौकाच्या एका अंगाला गोठा. बळद बहुधा त्या गोठ्याच्या भिंतीला लागून. जनावरांचे मूत, पावसाळ्याची ओल आणि चार भिंतींत कोंडलेली हवा यांपेक्षा अमोनियाला आणखी काय हवे. गोठ्याला लागून असलेल्या कोनाड्यातली काडतुसे मी पाहिली आहेत : बूड चकचकीत, ठसा स्वच्छ वाचता येणारा, आणि तोंडापाशी केसाएवढी उभी चीर, जी भिंगाशिवाय दिसत नाही. बाटलीच्या गळ्याच्या काडतुसांत ती गळ्यावर अधिक येते. अशा पुंगळीतून दाब मागे सुटला तर तो हातावर आणि डोळ्यांवर येतो.

माळवदाखाली ठेवलेल्या काडतुसांना गोठ्याचा त्रास नसतो, पण एप्रिल-मेमध्ये चाळिशीपार जाणारा पारा वर्षानुवर्षे सोसून आतली दारू विघटित होते. आंबूस वास येणे किंवा गोळी आणि पुंगळीच्या सांध्यातून हिरवट पाझर दिसणे ही त्याची लक्षणे. ती दिसल्यास काडतूस हलवूच नये.

प्रश्न : एखादे चालवून पाहिले तर लगेच कळणार नाही का?

नाही. आणि परवानाधारकानेही असे करू नये. टोपी वाजली आणि गोळी सुटली नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान तीस सेकंद थांबावे, कारण जुनी दारू उशिरा पेट घेऊ शकते. ‘फुस्स’ असा आवाज होऊन गोळी नळीतच अडकली असेल, तर त्यामागून दुसरी सोडणे म्हणजे नळी फाडणे.

प्रश्न : जुन्या लष्करी काडतुसांना चांगली किंमत मिळते असे ऐकले आहे.

परदेशात जुना लष्करी साठा उघडपणे विकला जातो आणि संग्राहक एकेका ठशासाठी पैसे मोजतात. आपल्याकडे काडतूस परवानाधारक विक्रेत्याकडूनच, परवान्यावर नोंद असलेल्या बोअरचे आणि ठरलेल्या मर्यादेतच घेता येते. अनोळखी काडतूस विकणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. किंमत शून्य समजावी.

प्रश्न : वडिलांचा परवाना होता, ते वारले. शस्त्राबरोबर काडतुसेही आहेत. त्यांतील काही दुसऱ्याच बोअरची निघाली.

परवानाधारकाच्या निधनानंतर शस्त्र आणि काडतुसे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावीत आणि वारस म्हणून परवान्यासाठी रीतसर अर्ज करावा. जमा करताना प्रत्येक ठसा वेगळा लिहून घ्यावा. ‘काडतुसे १७’ असे नव्हे, तर ‘के-एफ ७.६५ : १२, अन्य ठसा : ५’ असे. परवान्यावरील बोअरशी न जुळणारी काडतुसे लपवू नयेत. ९ मिमी, .३८, .४५५ आणि .३०३ ही बोअर प्रतिबंधित मानली जातात, त्यांचा परवाना केंद्र सरकारकडून लागतो, आणि अशी काडतुसे घरात राहिली तर प्रकरण साध्या विनापरवाना ताब्यापेक्षा जड होते. एका अर्जात सगळे मांडले, की चौकशी अधिकाऱ्याला वेगळे विचारावे लागत नाही.

प्रश्न : रिकामी पुंगळी आठवण म्हणून ठेवता येते का? किल्लीच्या जुडग्याला लावलेली पाहिली आहे.

जिच्यात गोळी नाही, दारू नाही आणि टोपी वाजलेली आहे अशी एखादी पुंगळी म्हणजे जिवंत काडतूस नव्हे, आणि पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतू नसलेल्या किरकोळ भागांना कायद्यात सवलत आहे. तरीही दोन गोष्टी पाहाव्यात. टोपीवर पिनेचा खड्डा आहे याची खात्री करावी. पुंगळी रिकामी असूनही टोपी न वाजलेली असेल तर तिच्यात स्फोटक शिल्लक असते. दुसरे, ते जुडगे घेऊन चिकलठाण्याच्या विमानतळावर जाऊ नये. तपासणी यंत्राच्या पडद्यावर पुंगळी आणि काडतूस सारखेच दिसते, आणि बॅग उघडून खुलासा होईपर्यंत विमान आपल्यासाठी थांबत नाही.